बॉम्बर विमानं आणि भरलेला डबा

आमच्या घरात विमान गेलं की घास थांबतो. माझा नाही, ह्यांचा. वाघोलीत पाचव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. लोहगावच्या धावपट्टीवरून उठलेलं लढाऊ विमान स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकं जवळ दिसतं, की दोरीवरचे कपडे घेऊनच जाणार असं वाटावं. आवाज सुरू झाला की ह्यांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये अडकतो, मान तिरकी होते, आणि आवाज पार विरल्यावरच घास तोंडात जातो. "अहो, आमटी निवतेय," हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलंय, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर माझं कल्याण झालं असतं.

हे वायुदलात होते. असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच सरसावून बसतो आणि विचारतो, "पायलट?" मग मला सांगावं लागतं, की नाही, विमान उडवणारे वेगळे आणि ते उडण्याजोगं ठेवणारे वेगळे. हे दुसऱ्या जातीतले. बत्तीस वर्षं बॉम्बर विमानांची देखभाल केली, त्यातली शेवटची बरीचशी पुण्यात. ती विमानं ह्यांच्या हाती आली तेव्हाच तरुण नव्हती. पुढे ती पुण्यातून दुसऱ्या तळावर गेली, हे निवृत्त झाले, पण विमानं काही निवृत्त झाली नाहीत. अजून उडतात. ह्यांच्या गुडघ्यांपेक्षा बरी उडतात, असं मी म्हणते.

मी तेव्हा मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याच्या कचेरीत टायपिंग आणि पत्रव्यवहार बघायची. संध्याकाळी निघताना ताजी भाजी पिशवीत पडायची आणि दोन बस बदलून ती घरी यायची. पहाटे उठून मी भाजी-पोळीचा डबा करायची, हे तो घेऊन हँगरमध्ये जायचे, आणि संध्याकाळी मी डबा घासायला घ्यायची. आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण या डब्यात होतं.

लग्नानंतरची पहिली वर्षं डबा चाटूनपुसून रिकामा यायचा. मग मधूनच कधीतरी तो भरलेला यायला लागला. झाकण उघडावं तर पोळ्यांची घडीसुद्धा मोडलेली नसायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भूक नव्हती." पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी शेपूची भाजी होती. मी म्हटलं, ठीक आहे, शेपूचा वास सगळ्यांनाच सोसतो असं नाही. शेपू बंद केला. खरं तर शेपू माझ्या आवडीचा. मूगडाळ घालून, वर लसणाची फोडणी दिली की मला दुसरं काही नको. पण नवऱ्याला आवडत नाही म्हणून आपल्यापुरता वेगळा करून खाण्याइतकी मी तेव्हा धीट नव्हते.

पुढे चाकवताचा डबा परत आला. चाकवत बंद. मग दोडका, मग पडवळ, मग गवार. करता करता घरात बटाटा आणि मटकी एवढंच उरलं. एक दिवस बटाट्याचाही डबा जसाच्या तसा परत आला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मार्केट यार्डातून रोज ताजी भाजी वाहून आणणाऱ्या बाईचा याहून मोठा पाणउतारा कोणता? मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मुद्दाम भाकरी आणि नुसती चटणी दिली. तीही परत आली. मग मी हात टेकले. 'ह्या माणसाला माझ्या हातचं आवडत नाही' ही खूणगाठ मनाशी बांधली आणि तिच्यासकट संसार केला. चांगलाच झाला. पण सल होता.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्या सोसायटीचा ज्येष्ठ नागरिक कट्टा. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि जन्माने सदाशिव पेठेतले असल्यामुळे कुणालाही आनंदात बघणं त्यांना फार वेळ जमत नाही. दर महिन्याला एका रविवारी ते क्लबहाऊसमध्ये वादविवाद ठेवतात. एका बाजूला ज्येष्ठ, दुसऱ्या बाजूला सोसायटीतलं कुणी तरुण. या वेळचा विषय त्यांनी लिफ्टमध्ये चिकटवला: 'वायुदलाने आपली जुनी बॉम्बर विमाने बदलावीत का?' खाली 'बदलू नयेत' या बाजूला ह्यांचं नाव. विचारलंसुद्धा नव्हतं. वर लिफ्टमध्ये मला म्हणतात, "वहिनी, आपल्या घरातच चालतंफिरतं संग्रहालय असताना बाहेरचा वक्ता कशाला?"

मला त्या माणसाचं तोंड बंद करायचं होतं. त्यामुळे हे जिंकायला हवेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ह्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. चिठ्ठी लागल्यापासून हे गप्प झाले. सकाळी फिरायला जाऊन आले की गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहायचे. एकदा मी चहा ठेवला तेव्हा आपणहून म्हणाले, "बदला म्हटलं, तर मी बत्तीस वर्षं भंगार पुसत बसलो असं होतं."

"मग म्हणू नका ना. तुम्हाला 'बदलू नयेत' याच बाजूने तर बोलायचंय."

"तसं म्हटलं, तर..." म्हणाले आणि पुढचं वाक्य चहात बुडवून टाकलं.

विरुद्ध बाजूला आमच्याच मजल्यावरची मुलगी होती. मूळची अकोल्याची, खराडीच्या एका कंपनीत कामाला. चुणचुणीत पोरगी. एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन थेट आमच्याकडे आली.

"काका, मला तुमच्या अगेन्स्ट बोलायचंय. पण पॉइंट्स तुम्हीच चेक करून द्या ना. नेटवर सगळं बाहेरच्या देशांचंच आहे."

मला वाटलं, हे हसून टाळतील. कसलं काय! चष्मा लावला, पेन्सिल घेतली, आणि तिची टिपणं ओळीओळीने तपासायला बसले. चुकीचं काही लिहिलेलं दिसलं की ते तसंच सोडून पुढे जाणं ह्यांच्या हातून होतच नाही. तिनं लिहिलं होतं, 'जुनी विमाने केव्हाही पडू शकतात.' ह्यांनी ते खोडलं.

"असं म्हणायचं नाही. वय झालं म्हणून विमान पडत नाही. किती वेळा उडालं, किती ओझं घेऊन उडालं, त्याने धातू थकतो. मग बारीक चीर पडते, डोळ्यांना न दिसणारी. ती शोधायला वेळ लागतो. दर वर्षी थोडा जास्त."

"ओके. आणि स्पेअर पार्ट्स?"

"बनवणाऱ्यांनी बनवणं बंद केलं. मग आम्ही उसनवारी करायचो. म्हणजे एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. फक्त त्या शेजारणीचा डबा पुन्हा कधी भरत नाही."

"काका, आमच्याकडे सेम असतं. जुनी सिस्टीम, लिहिणारे सोडून गेलेले, कुणी हात लावायला तयार नाही, आणि सगळं त्याच्यावरच चाललेलं."

"मग तुला समजेल," हे म्हणाले, आणि मला वाटतं त्या क्षणी ती मुलगी ह्यांना मनापासून आवडली. वर तिला विचारतात, "नवीन विमानं यायला वर्षं लागतात. तोपर्यंत काय करायचं, ते लिहिलंस का? तुला कुणीतरी विचारेल." तिनं नाही म्हटलं. "लिही. नवं हातात येईपर्यंत जुनं सोडायचं नाही. आणि हेही लिही, की आता लांबून मारा करणारी क्षेपणास्त्रं आहेत, बिनमाणसांची विमानं आहेत, म्हणजे जुन्याच्या जागी पुन्हा बॉम्बरच हवं असंही नाही."

मी स्वयंपाकघरात उभी राहून दात-ओठ खात होते. समोरच्या वकिलाला आपली कागदपत्रं नीट फाइल करून देणारा अशील मी पहिल्यांदाच बघत होते. ती गेल्यावर म्हटलं, "अहो, तुम्हाला हरायची एवढी हौस आहे का?"

"तिचं चुकत होतं," हे म्हणाले. यापुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता.

रविवारी अकरा वाजता क्लबहाऊस भरलं. पुढच्या रांगेत ज्येष्ठ, मागे त्यांना सोडायला आलेली आणि मग अडकलेली मुलं-सुना. या जमिनीचे मूळ मालक, ज्यांच्या शेतात आमची सोसायटी उभी आहे ते पाटीलबुवाही आले होते. पांढरं धोतर, हातात मोबाईल. सेक्रेटरींनी त्यांना उगाच मत विचारलं. ते म्हणाले, "इमान जुनं हाय का नवं, आमच्या म्हशीला काय कळत नाय. दोन्हीला दूध आटवती." सगळे हसले. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हे बसले होते, आणि मला एकदम त्यांची काळजी वाटायला लागली.

मुलगी छान बोलली. अडखळली नाही, ओरडली नाही. शेजारणीच्या साखरेचं उदाहरण जसंच्या तसं वापरलं आणि त्याला टाळी मिळाली. ती टाळी ह्यांची होती, हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं.

मग हे उठले. कागद खिशातच ठेवला.

"आमची विमानं दणकट होती," हे म्हणाले. "आजही आहेत. केवढं ओझं घेऊन, केवढ्या लांब जाऊन परत येतात. आणि आम्हाला त्यांची नस न नस ठाऊक होती. नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठे दुखतंय. नव्याची अशी ओळख व्हायला दहा वर्षं जातात. हे माझ्या बाजूचं झालं. आता या मुलीने जे सांगितलं ते बरोबर आहे. मी ते तपासलंय."

हशा झाला. सेक्रेटरींनी वेळ संपल्याची खूण करायच्या घंटीवर हात ठेवला. मी डोळे मिटून घेतले.

"एक गोष्ट सांगतो. हँगरमध्ये एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती. विमान उडण्याआधी 'हे उडायला योग्य आहे' अशी एका फॉर्मवर सही करावी लागते. ज्याची सही असेल, त्याने ते विमान खाली उतरेपर्यंत डबा उघडायचा नाही. मी नवीन होतो तेव्हा एका वयस्कर सहकाऱ्याने मला सांगितलं, विमान वर असताना आपले हात खरकटे नकोत. ते बिघडून परत आलं तर धावायचं कुणी? हात धुवायला जाणार का तू? मला पटलं. मी कायम ते पाळलं."

मी खुर्चीत पुढे सरकून बसले.

"सुरुवातीला विमानं सकाळी आठला उडायची आणि दहाला खाली. जेवण वेळेवर. मग ती म्हातारी व्हायला लागली. आठला उडायचं विमान तपासणीत अडायचं, उसना भाग शोधायचा, बसवायचा, पुन्हा तपासायचा. दुपारी सही व्हायची. ते उतरेपर्यंत आम्हाला घरी न्यायची गाडी लागलेली असायची. डबा तसाच घरी. आधी महिन्यातून एकदा. मग आठवड्यातून एकदा. शेवटी शेवटी एक दिवसाआड. विमान म्हातारं झालंय हे कळायला मला कुठला अहवाल लागला नाही. आमच्या हिला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. आणि तिनेही कधी विचारलं..."

"विचारलं होतं!" मी तिसऱ्या रांगेतून ओरडले. अख्खं क्लबहाऊस माझ्याकडे वळलं.

"विचारलं होतं," हे शांतपणे म्हणाले. "शंभरदा विचारलं. मी भूक नव्हती म्हणून सांगायचो. खरं सांगितलं असतं, तर ती रोज दुपारी मार्केट यार्डात आभाळाकडे बघत बसली असती."

हे पुन्हा सगळ्यांकडे वळले. मग म्हणाले, "म्हणून सांगतो, बदला. ती वाईट आहेत म्हणून नाही. ती आम्ही चालवून दाखवली, म्हणून कायम चालवायची असं होत नाही. आत बसणारी पोरं पंचविशीतली असतात. मला 'बदलू नयेत' या बाजूने उभं केलं होतं. तेवढं माझ्याच्याने होणार नाही."

सेक्रेटरींना गप्प बसवेना. "म्हणजे आपण सपशेल हरलात," ते म्हणाले. "मग आपली ती बत्तीस वर्षं कुठे गेली म्हणायची?"

मला त्या माणसाच्या अंगावर चप्पल फेकावीशी वाटली. हे मात्र अजिबात रागावले नाहीत. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळे दिसले.

"मी सही केलेलं प्रत्येक विमान खाली उतरलं," हे म्हणाले. "एकही राहिलं नाही. तेवढंच माझं काम होतं."

आणि खाली बसले. पहिली टाळी पाटीलबुवांनी वाजवली. मुलगी उठून आली आणि ह्यांच्या पाया पडली. सेक्रेटरींनी घंटी वाजवली, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

घरी येताना लिफ्ट बंद होती. पाच मजले चढायचे होते आणि मी ह्यांच्या पुढे पुढे चालत होते. मला भयंकर राग आला होता. ह्यांचाही आणि माझाही. मी भाकरी-चटणीचा डबा दिला होता, त्या दिवशी हा माणूस उन्हात उपाशी उभा राहून आभाळाकडे बघत होता आणि मी कचेरीत बसून ह्यांच्या नावाने बोटं मोडत होते. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी आनंदही होत होता. माझ्या स्वयंपाकात काही खोट नव्हती! या वयात हे कळणं म्हणजे उशीर झाला, पण कळलं तरी.

तिसऱ्या मजल्यावर हे दम खायला थांबले. मी विचारलं, "आणि शेपू?"

"शेपूचं काय?"

"शेपूचा डबा पहिल्यांदा परत आला. म्हणून मी शेपू बंद केला. तुम्हाला आवडत नाही म्हणून."

ह्यांनी कठड्याला धरलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "मला? मला वाटायचं तुलाच तो वास सहन होत नाही, म्हणून करत नसशील. माझी आई करायची तसा शेपू खाऊन मला..." आणि हसायला लागले. मीही हसले. मग मला रडू आलं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं, कुणीतरी डोकावलं आणि आम्हाला बघून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगर रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या भाजीवालीकडे गेले. मार्केट यार्डाची सवय असलेल्या बाईला तिथलं काही पसंत पडत नाही, पण त्या दिवशी शेपूच्या जुड्या हिरव्यागार होत्या. दोन घेतल्या. मूगडाळ भिजवली, भाजी निवडली, धुतली, बारीक चिरली. लसूण जरा जास्तच घातला. सगळ्या घरात वास दरवळला. दुपारी ताटात गरम भाजी वाढली, ज्वारीची भाकरी दिली, आणि हे जेवायला बसले. पहिले दोन-तीन घास मान खाली घालून खाल्ले. कशी झालीय, ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात लोहगावकडून आवाज उठला. खिडकीची काच थरथरली. ह्यांचा हात सवयीने वरच थांबला, मान तिरकी झाली. 'अहो, भाजी निवतेय' हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते म्हटलं नाही. पळी हातात धरून मीही उभी राहिले. दोघांनी मिळून तो आवाज ऐकला, पार पलीकडे जाऊन विरेपर्यंत.

"हे नव्यातलं," हे म्हणाले. "इंजिनावरून कळतं."

"याच्यावर सही कुणाची असेल?"

"असेल कुणाची तरी. आता तो हँगरच्या दारात उभा असेल."

"डबा न उघडता?"

हे जरा हसले. घास तोंडात घातला, नीट चावून खाल्ला.

"नवीन विमान आहे," म्हणाले. "वेळेत उतरेल. पोरगा जेवेल वेळेवर." आणि ताट पुढे करून म्हणाले, "अजून थोडी वाढ."